गंगेवरचा पूल आणि पायाखालची वाळू

पालम भागात गोदावरीला कुणी गोदावरी म्हणत नाही. तिला गंगा म्हणायचे. गंगेला पाणी आले, गंगा दोन्ही थड्या भरून चालली, गंगा उतरली, असेच आपण बोलतो. गंगेच्या दक्षिण काठाला पालम आणि गंगाखेड, तर उत्तर काठाला परभणी आणि पूर्णा. म्हणजे तालुका एका थडीला आणि जिल्ह्याचे ठिकाण दुसऱ्या थडीला. कोर्टाची तारीख असो, कलेक्टर कचेरीतले काम असो, 18 मेला परभणीच्या कृषी विद्यापीठात खरिपाचे बियाणे आणायला जायचे असो, की रात्री-अपरात्री मोठ्या दवाखान्याची वाट धरायची असो, मध्ये गंगा आहेच. परळीहून गंगाखेड, पालम करत लोह्याकडे जाणारा 361 एफ हा राष्ट्रीय महामार्ग गंगेला समांतर चालतो. परभणीला जायचे तर गंगाखेडच्या पुलावरून, ताडकळसकडे जायचे तर धानोरा काळेच्या पुलावरून, आणि लोह्यामार्गे नांदेडला गेलात तरी गुरुद्वाऱ्यापर्यंत पोचायला शेवटी गंगा ओलांडावीच लागते.

पूल नव्हते तेव्हा पावसाळ्यात नाव आणि उन्हाळ्यात वाळू तुडवत पायवाट, एवढीच सोय होती. लग्नाची तिथी आणि मुराळी जाण्याचा दिवसही गंगेचे पाणी पाहून ठरायचा. आज मोटारसायकल दोन मिनिटांत पूल पार करते, आणि खाली पाहायला कुणाला वेळ नाही. पण पुलाचे खरे दुखणे वरून दिसत नाही. वर डांबर उखडले, कठडा तुटला की सगळे ओरड करतात, आणि ती करायलाही हवी. मात्र नदीवरचे पूल पुरात पडतात तेव्हा त्यांचे कारण बहुतेक वेळा वरचे ओझे नसते, ते पायाशी असते. आज त्या पायाचीच हकिकत सांगायची आहे, कारण पुलाच्या पायाशी रोज जाणारा माणूस इंजिनिअर नसून आपण आहोत. जनावरे पाण्यावर आपण नेतो आणि पाण्याच्या मोटारीही आपल्याच तिथे बसवलेल्या असतात.

पाया म्हणजे उलटी विहीर

काळा कातळ नदीच्या तळाशी जवळच लागला, तर पुलाचा पाया त्या कातळात खाच घेऊन बसवतात. ते काम सोपे. कातळ खोल असेल आणि वर वाळू-गाळाचे जाड थर असतील, तर बहुधा विहीर उतरवतात. तुम्ही म्हणाल, पुलाला विहीर कशाला? नदीकाठच्या वाळूच्या रानात विहीर कशी उतरवतात हे जुन्या माणसांना ठाऊक आहे. खणले की कडा ढासळतात, म्हणून आधी जमिनीवर कडे ठेवायचे, त्यावर बांधकाम चढवायचे आणि आतली माती काढत जायचे. बांधकाम आपल्याच वजनाने खाली सरकते. पुलाच्या पायाची रीत हीच आहे.

उन्हाळ्यात पात्र कोरडे असताना, खालून धारदार असलेले लोखंडी कडे वाळूवर ठेवतात. त्यावर काँक्रीटची जाड भिंत गोलाकार उभी करतात. मग यंत्राच्या जबड्याने आतली वाळू उपसायची. विहीर खाली बसते, वर पुन्हा भिंत चढवायची, पुन्हा उपसा. एका बाजूला दगड लागला की विहीर कलते. मग उंच राहिलेल्या बाजूला वजन टाकून, त्या बाजूची वाळू जास्त उपसून ती ओळंब्यात आणावी लागते. एकेका विहिरीला महिने लागतात. ठरलेल्या खोलीला पोचली की तळ काँक्रीटने बंद करतात, पोकळीत वाळू भरतात, वर जाड झाकण घालतात आणि त्या झाकणावर आपल्याला दिसणारा खांब उभा राहतो. दोन खांबांमधले अंतर म्हणजे गाळा. पुलावरून जाताना आपण गाळे मोजतो, पण एकेका खांबाखाली अशी आख्खी विहीर पुरलेली आहे हे ध्यानात येत नाही.

आता ती किती खोल न्यायची? हिशेब पुराचा असतो. वाहत्या पाण्यात वाळूवर अनवाणी उभे राहून पाहा. थोड्या वेळात टाचेखालची वाळू निघून जाते आणि पाय खाली बसतो. खांबाचे तसेच होते. पाणी खांबावर आदळते, खाली बुडी मारते, दोन्ही बाजूंनी भोवरे धरते आणि खांबाच्या पायाशी खड्डा पाडते. याला खरवड म्हणू या. पूर जितका जोरात तितकी खरवड खोल. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमानुसार वाळूच्या तळाच्या नदीत पुराच्या पातळीपासून सरासरी खरवड किती खोल जाईल ते काढतात. खांबाशी ती दुप्पट धरतात, आणि पाया त्याहूनही तिसऱ्या हिश्श्याने खाली नेतात. म्हणजे सरासरी 6 मीटर आली तर खांबाशी 12 मीटर धरायची आणि पाया 16 मीटरवर न्यायचा. शेवटचे 4 मीटर ही पकड. झाडाच्या मुळासारखी तीच पुलाला उभे ठेवते.

या खरवडीतली फसवी गोष्ट अशी, की पूर ओसरू लागला की पाण्यातली वाळू त्याच खड्ड्यात परत बसते. दसऱ्याला जाऊन पाहाल तर खांबाभोवती सपाट वाळू दिसेल. भाद्रपदातल्या रात्री तिथे दोन पुरुष खोल खड्डा होता, हे दिवसा पाहणाऱ्याला कळत नाही.

पुराचा जोर किती, याचीही कल्पना करून घ्या. बातम्यांत सांगतात, जायकवाडीतून इतके क्युसेक सोडले. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे 28 लिटर. एक लाख क्युसेक म्हणजे दहा हजार लिटरचे पावणेतीनशेहून जास्त टँकर, तेही दर सेकंदाला. 2006 च्या ऑगस्टमध्ये जायकवाडीतून अडीच लाखांच्या आसपास क्युसेक सोडावे लागले होते. पैठणपासून गंगाखेडपर्यंत काठच्या गावांनी तो पूर अंगावर घेतला, नांदेडनेही घेतला. 2025 च्या सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली आणि हाताशी आलेले सोयाबीन पाण्यात गेले, ते तर कालचेच. जायकवाडीच्या खाली ढालेगाव, तारुगव्हाण, मुद्गल, मुळी आणि आपल्या पालम तालुक्यातला डिग्रस असे बंधारे आहेत. ते पाणी अडवण्यासाठी बांधलेले आहेत, महापूर थोपवण्यासाठी नाहीत. मोठा पूर आला की त्यांची दारे उघडावीच लागतात. वरून येणारे सगळे पाणी शेवटी पुलाच्या गाळ्यांतूनच जाते.

वाळूचा ट्रॅक्टर आणि पुलाचा खांब

आता अवघड विषयाकडे वळतो. अवघड यासाठी, की तो आपल्या गल्लीतला आहे. गंगेची वाळू चांगली, तिला मागणी मोठी. गावात कुणाचे घरकुल चालू असते, कुणाच्या ट्रॅक्टरचा हप्ता थकलेला असतो. घरकुलाला पाच ब्रासपर्यंत मोफत वाळू देण्याची सरकारी तरतूद आहे, पण ती वेळेवर हातात पडेपर्यंत भिंती थांबून राहतात. तेव्हा रात्री पात्रात जाणारा प्रत्येक जण चोर आहे असे म्हणून मोकळे होता येत नाही. पण पुलाजवळून काढलेली वाळू ही पुलाच्या मुळावरची माती आहे, हे मात्र स्पष्ट सांगितले पाहिजे.

त्याचा हिशेब वर दिलाच आहे. पाया ठरवताना नदीचा तळ अमुक जागी आहे असे धरले होते. उपशाने तो तळच दोन-तीन मीटर खाली गेला, तर पुढच्या पुराची खरवड तिथून खाली सुरू होते. म्हणजे कमी होते ती पकड.

दुसरी गोष्ट शेतकऱ्याला चटकन पटेल. बांध फुटला की घळ पडते. ती घळ उताराकडे वाढत नाही, ती मागे, वरच्या अंगाला चढत जाते. यंदा बांधाशी असलेली घळ दोन-तीन पावसाळ्यांत रानाच्या मध्यावर येते. नदीत यंत्राने पाडलेला खोल खड्डाही असाच वर सरकतो. म्हणून पुलाच्या खालच्या अंगाला, 'पूल तर लांब आहे' असे म्हणून पाडलेला खड्डा एखाद्या पुरात पुलापर्यंत येऊन पोचतो. केंद्र सरकारच्या 2016 च्या वाळू उपशाच्या मार्गदर्शक सूचनांत पुलाच्या वरच्या अंगाला कमीत कमी 250 मीटर आणि खालच्या अंगाला कमीत कमी 500 मीटर वाळू काढू नये असे आहे. पूल लांब असेल तर हे अंतर आणखी वाढते. खालच्या अंगाला दुप्पट अंतर का, ते आता ध्यानात आले असेल.

याचे सर्वांत कडू उदाहरण दूरच्या पोर्तुगाल देशातले आहे. तिथे डोरू नावाच्या मोठ्या नदीवर एकोणिसाव्या शतकातला एक पूल होता. त्या नदीतून वर्षानुवर्षे वाळू काढली जात होती. 4 मार्च 2001 च्या रात्री नदीला जोर होता, पुलाचा एक खांब पायासकट खचला आणि वरचा भाग नदीत कोसळला. एक बस आणि तीन मोटारी पाण्यात गेल्या. 59 माणसे गेली, एकही वाचले नाही. चौकशीत वाळूच्या उपशाने पायाखालची जमीन गेल्याचे पुढे आले. खात्याच्या मंत्र्याने राजीनामा दिला. पण बसमधली माणसे सहलीहून घरी परतणारी, आसपासच्या खेड्यांतलीच होती.

आपल्या महाराष्ट्रात महाडची आठवण ताजी आहे. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री मुंबई-गोवा महामार्गावरचा सावित्री नदीचा इंग्रजांच्या काळातला दगडी पूल महापुरात वाहून गेला. अंधार आणि धो-धो पाऊस. पूल गेला हे मागून येणाऱ्यांना दिसलेच नाही. दोन एसटी गाड्या आणि एक जीप त्या पोकळीत गेली. चाळीसच्या आसपास माणसे दगावली, कित्येकांचे देह पुढे दिवसेंदिवस शोधावे लागले. त्याच वर्षी मे महिन्यात पुलाची पाहणी होऊन तो वाहतुकीला धोकादायक नाही असे ठरले होते. तिथे नवा पूल 165 दिवसांत बांधून जून 2017 मध्ये खुला झाला. काम झपाट्याने होऊ शकते, एवढे त्यातून दिसले. ते आधी का होत नाही, हा प्रश्न ज्याने त्याने आपल्या पुढाऱ्याला विचारावा.

सगळेच पूल खालून जातात असे मात्र नाही. 9 जुलै 2025 रोजी गुजरातेत मही नदीवरचा गंभीरा पूल पडला, तो वरचा गाळा निखळून. तो पूल 1985 चा, म्हणजे अवघा चाळीस वर्षांचा. त्याआधी महिनाभर पुण्याजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा गंजलेला लोखंडी साकव सुटीच्या दिवशीच्या गर्दीने कोसळला. तेव्हा वरचे सांधे, गाळ्याखालच्या बेअरिंगा, उघड्या पडलेल्या सळया हेही पाहायला हवे. पण ते दिसते तरी. पाण्याखालचे दिसत नाही, म्हणून त्याची एवढी चर्चा केली.

गंगा अडवत नाही, लेंडी अडवते

मोठ्या पुलाची गोष्ट इथवर झाली. पण पालमच्या घरातल्या बाईला विचारा, पावसाळ्यात तुझे नेमके कुठे अडते? ती गंगेच्या पुलाचे नाव घेणार नाही. ती म्हणेल लेंडी, नाही तर गळाटी. (देगलूर-मुखेडकडची लेंडी ती वेगळी. ही आपली पालमजवळची.) लेंडीला पाणी आले की पालम-जांभूळबेट रस्ता बंद पडतो आणि पुयणी, आरखेड, फळा या बाजूची गावे तालुक्यापासून तुटतात. हे दर पावसाळ्याचे रडगाणे आहे. गंगेवरचा पूल दिमाखात उभा, महामार्गावर वाहने धावतात, आणि इथे पोराला ताप आलाय तर ओढ्याच्या काठावर बसून पाणी उतरायची वाट पाहायची.

यात पुलाच्या उंचीचा दोष आहेच, पण आणखी एक कारण आहे. आपल्या भागातले ओढे गंगेला मिळतात. गंगा काठोकाठ असली की ओढ्याच्या पाण्याला पुढे जागा मिळत नाही. चारीचे तोंड बंद केले की पाणी मागे दाटते, तसे ते मागे तुंबते. म्हणून कधी कधी पालमला पाऊस नसतानाही, वर पैठणकडून सोडलेल्या पाण्याने इथला ओढा फुगलेला दिसतो. तेव्हा केवळ आभाळाकडे पाहून बाहेर पडू नका. जायकवाडी, माजलगाव आणि खालच्या बंधाऱ्यांतून किती पाणी सोडले, ही बातमी आपल्या रानातल्या पावसाइतकीच महत्त्वाची आहे.

फरशी पुलावरून पाणी वाहत असताना ट्रॅक्टर घालायचा मोह मोठा असतो. चाके उंच, इंजिन जड, 'आपला ट्रॅक्टर काय वाहून जातो' असे वाटते. पण पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा धक्का चौपट होतो. वीतभर वेगवान पाण्यात धडधाकट माणसाचा पाय सुटतो. फूटभर पाण्यात लहान मोटार तरंगू लागते आणि दोन फुटांत बहुतेक गाड्या सरकतात. ट्रॅक्टरची मागची रिकामी ट्रॉली आधी उचलली जाते आणि ती इंजिनाला ओढून नेते. शिवाय पाण्याखाली फरशी शाबूत आहे की मधोमध खचली आहे, हे गढूळ पाण्यातून कुणाला दिसते? बैलांना ते आधी कळते. बैल पाण्याशी अडला तर त्याला चाबूक मारू नका, मागे फिरा.

मायबहिणींसाठी थोडे स्वतंत्र. ओढ्यापलीकडच्या गावात घरात गरोदर लेक-सून असेल आणि दिवस श्रावण-भाद्रपदात भरत असतील, तर आठ-पंधरा दिवस आधीच तिला पालमला किंवा रस्त्याला लागून असलेल्या पाहुण्यांकडे नेऊन ठेवा. साखरेच्या, रक्तदाबाच्या गोळ्या असणाऱ्या सासू-सासऱ्यांचा महिनाभराचा साठा मृगातच भरून ठेवा. शाळकरी पोरे ओढ्याच्या अलीकडे अडकली, तर त्यांनी कुणाच्या घरी थांबायचे हे त्या घराशी आधीच बोलून ठेवलेले असावे. पाणी वाढले की पोरे एकमेकांचे हात धरून ओलांडायला बघतात, आणि अपघात तिथेच होतात. कुणी पुरात अडकले तर 112 वर, किंवा जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाला 1077 वर फोन करा. राष्ट्रीय महामार्गावर काही घडले तर 1033. हे तीन आकडे दाराच्या मागे खडूने लिहून ठेवावेत. मोबाईलची बॅटरी उतरली तरी शेजारच्याच्या फोनवरून लावता येतात.

पूर ओसरल्यावर काय पाहाल

दिवाळीनंतर पाणी खाली जाते. तेव्हा जनावरे पाण्यावर नेताना खांबांकडे एक नजर टाका. खांबाच्या खालचे झाकण, म्हणजे विहिरीचा माथा, पूर्वी वाळूत असायचा आणि आता उघडा पडला आहे काय? त्याच्याही खाली विहिरीची गोल भिंत दिसू लागली आहे काय? दिसत असेल तर नदीचा तळ खाली गेला आहे. रस्त्याचा भराव आणि पूल जिथे मिळतात तिथे दगडी अस्तर सुटून मागून माती ओघळते आहे काय? गाळ्यांत झाडांचे ओंडके, पळाटीचे ढीग, वाहून आलेले पाइप अडकले आहेत काय? गाळा चोंदला की पाणी उरलेल्या गाळ्यांतून दुप्पट जोराने जाते आणि तिथली खरवड वाढते. कठड्याची ओळ एका टोकाला उभे राहून पाहा. शेतात ओळ धरतो तशी ती सरळ दिसली पाहिजे, कुठे वाकली किंवा बसली तर खाली काहीतरी हलले आहे. गाडी सांध्यावरून जाताना पूर्वीपेक्षा मोठा दणका बसतो का, हे रोज जाणाऱ्या दूधवाल्याला सगळ्यांत आधी कळते. त्याला विचारा.

असे काही दिसले तर चहाच्या टपरीवर सांगून थांबू नका. साध्या कागदावर अर्ज करा. त्यात रस्त्याचे नाव, जवळच्या किलोमीटरच्या दगडावरचा आकडा, गंगाखेडकडून किंवा पालमकडून कितवा खांब, काय दिसले आणि कोणत्या तारखेला, एवढे लिहा. सोबत फोटो जोडा. फोटोत खांबाशेजारी एक माणूस उभा करा, म्हणजे उंचीचा अंदाज येतो. आणि दर वर्षी त्याच जागेवरून फोटो घेतला तर वाळू किती खाली गेली हे वेगळे सिद्ध करावे लागत नाही. अर्ज राज्य रस्त्याचा असेल तर सार्वजनिक बांधकाम खात्याच्या उपविभागाला, राष्ट्रीय महामार्गाचा असेल तर महामार्ग विभागाला, आणि एक प्रत तहसीलदारांना. दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्या आणि ती ग्रामपंचायतीच्या दप्तरात लावून ठेवा. सरपंच बदलला तरी दप्तर राहते. हा अर्ज माघाच्या आत गेला, तर दुरुस्ती करायला पाण्यावाचूनचे तीन-चार महिने हाती असतात. मृग लागल्यावर पायाशी उतरता येत नाही.